ॲप्रनचा खिसा

विमानात बसल्यापासून तिचा उजवा पाय हलत होता. शेजारी सुतारकाका होते. त्यांनी बराच वेळ सहन केलं आणि मग म्हणाले, "भिंगरी, विमानाला इंजिन आहे गं. तुला पाय मारायची गरज नाही."

ती हसली. पाय थांबवला. थोड्या वेळाने डावा हलायला लागला.

भिंगरी हे नाव वडिलांनी ठेवलेलं आणि मग चर्चमध्ये सगळ्यांनी उचललेलं. एका जागी बसणं तिला जमायचं नाही. मायक्रोस्कोपसमोर मात्र ती तासन् तास बसायची. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त आणि थुंकी तपासण्याचं काम ती शिकली होती आणि दोन डोळे भिंगाला लावले की तिचे पाय आपोआप शांत व्हायचे.

त्यांच्या चर्चमधून आफ्रिकेतल्या एका मिशन हॉस्पिटलात दरवर्षी महिनाभरासाठी चार माणसं जात. यंदा पाळकसाहेब होते, त्यांची पत्नी होती, जिला सगळे मॅडम म्हणत, खाटा आणि बाकं दुरुस्त करायला सुतारकाका होते, आणि चौथी ती. तिथली लॅब सांभाळणारी बाई बाळंतपणाच्या रजेवर होती. लॅब रिकामी राहू नये, म्हणून हिचं नाव निघालं.

निरोपाच्या दिवशी मंडळीनं तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. आई डोळे पुसत म्हणाली, "परत येशील तेव्हा सांगण्यासारखं काहीतरी घेऊन ये."

म्हणजे साक्ष. मिशनला जाऊन आलेला माणूस पुढच्या रविवारी उभा राहतो आणि देवानं आपल्या हातून काय करवून घेतलं ते सांगतो. ही गोष्ट तिला विमानापेक्षा जास्त छळत होती. लहानपणापासून ती डोळे मिटून प्रार्थनेला बसत आली होती आणि तिला पंख्याचा आवाज ऐकू यायचा, पुढच्या बाकावरच्या बाईच्या केसांतल्या तेलाचा वास यायचा, पायाला मुंग्या यायच्या. बाकी काही नाही. देव नाही असं तिला कधीच वाटलं नव्हतं. तो आहे, पण एकाच इमारतीत राहून जिन्यात कधी न भेटणाऱ्या माणसासारखा. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. साक्ष द्यायला उभं राहायचं आणि सांगायचं काय?

हॉस्पिटल बैठं होतं. लांबलचक व्हरांडा, एका टोकाला गोळ्या द्यायची खिडकी, दुसऱ्या टोकाला लॅब. लॅबला एकच खिडकी, तिच्या खाली मोरी, आणि मोरीवर आडव्या दोन काचेच्या नळ्या, ज्यांवर स्लाइड ठेवून रंग ओतायचा. तिला ती खोली पहिल्या क्षणी आवडली.

वॉर्ड आणि गोळ्यांची खिडकी सिस्टरच्या ताब्यात होती. सिस्टर तिथलीच, अंगानं भरलेली, खणखणीत आवाजाची. तिचं आणि आपल्या माणसांचं बोलणं इंग्रजीतून चालायचं. सुतारकाकांना इंग्रजी येत नसे, त्यामुळे त्यांची भांडणं भिंगरीच्या तोंडून व्हायची.

"यांना विचार," सिस्टर म्हणायची, "माझ्या चादरींच्या कपाटाची किल्ली कुठे ठेवली? कपाटाचा कडीकोयंडा हेच बघत होते."

"तिला सांग," काका म्हणायचे, "मी किल्ली खात नाही. आणि माझी पेन्सिल कुणी पळवली तेही विचार. कानावर ठेवलेली पेन्सिल! कानाला कळलं नाही."

"ते म्हणतात, किल्ली त्यांनी पाहिली नाही."

"एवढं लांबलचक बोलून एवढंच?" सिस्टर डोळे बारीक करायची.

"बिजागऱ्या काढून कपाट उघडून देतो म्हणावं."

"माझ्या कपाटाला हात लावायचा नाही म्हणावं."

आणि फाटक्या चादरी कपाटात तशाच कुलूपबंद राहिल्या.

एका शुक्रवारी दुपारी साहेब पेशंटांच्या घरी भेटी द्यायला निघाले होते. मॅडमचं डोकं दुखत होतं. साहेब लॅबच्या दारात आले. "चल भिंगरी, आज तू."

"साहेब, मला प्रार्थना..."

"अगं, देवाला काय भाषण हवंय? चल."

ती होती तशी उठली. ॲप्रन काढायचा राहिला. लॅबचा ॲप्रन लॅबबाहेर नेऊ नये हे तिच्या शिक्षिकेनं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

बाजाराच्या मागच्या गल्लीत एक खोली होती. खिडकीपाशी पायाचं शिलाई मशीन, त्यावर टाकलेला कपडा, भिंतीला टेकून एक म्हातारी. मशीनची मालकीण खाटेवर बसली होती. शिवणकाम करणारी बाई, चाळिशीच्या आतली, गळ्याची हाडं वर आलेली. तिला क्षय झाला होता. काही आठवड्यांपासून गोळ्या चालू होत्या. दर शुक्रवारी खिडकीवरून आठवड्याची पट्टी घेऊन जायची. पण तिच्या घरी गोळ्या आहेत हे गल्लीला कळलं, तसं कापड यायचं बंद झालं. खोकणाऱ्या बाईच्या हातचा झगा कोण घालणार?

साहेबांनी वचन वाचलं आणि भिंगरीला खूण केली. ती खाटेजवळ गुडघ्यावर बसली. बाईनं उशीखालून सकाळीच आणलेली गोळ्यांची पट्टी काढली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली, जणू प्रार्थना दोन्हींवर व्हायला हवी होती, तिच्यावर आणि गोळ्यांवर. भिंगरीनं पट्टी एका हातात घेतली, दुसरा हात बाईच्या डोक्यावर ठेवला. इंग्रजी शब्द एकदम उडाले. ती मराठीत बोलली. "देवा, हिला बरं कर. हिला परत कापड मिळू दे. आणि मला जरा स्थिर कर." आमेन म्हणताना तिचा आवाज कापला, का ते तिला कळलं नाही. म्हातारी रडत होती. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि ते पुढच्या घरी निघाले.

आठवड्यानं साहेब जवळजवळ पळतच व्हरांड्यात आले. "भिंगरी! ती शिलाईवाली बाई! मशीन चालतंय तिचं. खोकला नाही, तोंडावर तेज आलंय. शेजारणी कापड घेऊन दारात उभ्या आहेत. म्हणतात, त्या मुलीच्या हाताला गुण आहे!"

"माझ्या?"

"तुझ्या नाही, देवाच्या. पण वापरला तुझा. रविवारी ती इथल्या चर्चमध्ये साक्ष देणार आहे. आपण व्हिडिओ काढू. आपल्या मंडळीला दाखवू."

त्या दिवशी तिचे पाय हलले नाहीत. मोरीपाशी उभी राहून ती स्लाइडवर रंग ओतत होती आणि तिला एकदम वाटलं, जिन्यात कुणीतरी भेटलं. तिनं आईला फोन केला. आई एवढ्या मोठ्यानं रडली की वडिलांनी फोन हिसकावून विचारलं, "काय झालं, पडलीस का?" संध्याकाळपर्यंत घरच्या चर्चमध्ये ही बातमी सगळ्यांना कळली होती.

शनिवारी सकाळी सिस्टर लॅबमध्ये आली. "तुझी ती शिलाईवाली काल गोळ्या न्यायला आली नाही."

"विसरली असेल."

"ती कधीच विसरत नाही. पाऊस असो, ताप असो, खिडकी उघडायच्या आधी येऊन बसते."

सिस्टर गेली. भिंगरीला मार्कर हवा होता. तिनं ॲप्रनच्या उजव्या खिशात हात घातला. घरच्या लॅबमध्ये संध्याकाळी तिच्या खिशाची झडती घेतल्याशिवाय तिला कुणी सोडत नसे. हातात येईल ते ती खिशात टाकायची. पेन, बाटलीचं झाकण, एकदा तर तिथल्या डॉक्टरांचा चष्मा. बोटांना मार्कर लागला नाही. चुरगळलेल्या मास्कच्या बाजूला काहीतरी गुळगुळीत, फुगे फुगे असलेलं लागलं.

गोळ्यांची पट्टी. एकही फुगा फुटलेला नव्हता.

तिनं ती परत खिशात कोंबली, जणू त्यानं ती न पाहिल्यासारखी होईल. मग पाय हलायला लागले. दोन्ही.

सिस्टरला घेऊन ती बाजारामागच्या गल्लीत गेली. मशीन खरंच चालत होतं. खाटेवर तीन-चार घरांचं कापड पडलं होतं. म्हातारीनं लगबगीनं त्यांना बसायला जागा केली. भिंगरी एकेक वाक्य बोलली, सिस्टरनं ते तिच्या भाषेत सांगितलं. पट्टी चुकून माझ्या खिशात गेली. तुम्हाला बरं वाटतंय ते आधीच्या आठवड्यांच्या गोळ्यांनी. या रोगात बरं आधी वाटतं, रोग नंतर जातो. आत्ता थांबलात तर तो परत येईल, आणि मग याच गोळ्यांना दाद देणार नाही.

बाईनं मशीन थांबवलं नाही. शिवण संपल्यावर मान वर केली.

"चुकून?"

"हो."

"गुडघ्यावर बसून, माझ्या डोक्यावर हात ठेवून, आवाज रडवेला करून. आणि चुकून?"

"हो."

"माणूस पेन विसरतो, पोरी. दुसऱ्याचा जीव खिशात टाकून विसरत नाही."

"मी पेनही विसरते," ती म्हणाली. सिस्टरनं हे भाषांतर केलं नाही.

"तू माझा आजार हातात घेतलास आणि घेऊन गेलीस," बाई म्हणाली. "असं माझ्यासाठी आजवर कुणी केलं नव्हतं. आता तू लाजतेयस, म्हणून असं बोलतेस. मोठी माणसं लाजतात." तिनं खाटेवरच्या कापडाकडे बोट केलं. "आणि मी त्या खिडकीपाशी पुन्हा उभी राहिले तर हे सगळं परत जाईल."

निघताना सिस्टरनं तिच्याकडून थुंकीचा नमुना मागून घेतला. तो बाईनं हसत दिला.

भिंगरीनं स्लाइड केली. नमुना पसरला, वाळवला, लाल रंग ओतला, खालून ज्योत फिरवली, आम्लानं धुतलं, निळा रंग ओतला. मग खिडकीपाशी बसली. निळ्या शेतात त्या दिसल्या, बारीक, किंचित वाकलेल्या लाल काड्या, क्षयाचे जंतू. थोड्या होत्या. पण होत्या. दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे तिला शाळेपासून माहीत होतं. बातमी आल्यापासून तिनं ते मुद्दाम आठवलं नव्हतं.

साहेब जेवणघरात उद्याचं प्रवचन लिहीत बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. पेन खाली ठेवलं.

"गोळ्या घ्यायलाच हव्यात. त्यात वादच नाही. देव औषधातूनही काम करतो, मी किती वेळा सांगितलंय. आपण तिला समजावू. पण साक्ष होऊन जाऊ दे."

"साहेब, साक्ष झाल्यावर ती गोळ्या घेणार नाही."

"का घेणार नाही?"

"सगळ्या गावासमोर मी बरी झाले असं सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी कशी उभी राहील? तुम्ही राहाल?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट माणूस नव्हते. घरची मंडळी वाट बघत होती, त्यांचीही आणि तिचीही. "माझ्याच्यानं तिला नको म्हणवणार नाही," ते म्हणाले. "कुणाची साक्ष अडवायची नसते. आपल्याकडेही नाही, इथेही नाही."

"कुणाचीच?"

"कुणाचीच."

रविवारी ती चांगल्या ड्रेसवर ॲप्रन घालून निघाली. मॅडमनी दारातच अडवलं. "अगं, उपासनेला ॲप्रन? लग्नाला छत्री घेऊन गेल्यासारखी दिसतेयस."

"राहू द्या मॅडम."

चर्च भरलं होतं. पंखा फिरत होता, तिला त्याचा आवाज ऐकू येत होता. काकांनी दुरुस्त केलेल्या पहिल्या बाकावर शिलाईवाली बाई नवा, स्वतः शिवलेला झगा घालून बसली होती. साहेबांनी फोन काठीवर बसवला होता. गाणं संपलं. साक्षीसाठी कोण, असं इथल्या पाळकांनी विचारलं, आणि बाई उठायच्या आत भिंगरी उठली. बाकांना धरत ती पुढे गेली. सिस्टरला शेजारी उभं केलं.

"मला साक्ष द्यायची आहे," ती म्हणाली. साहेब उठू लागले, मग बसले.

"मी फार विसराळू आहे. हातात काय आहे ते मला कळत नाही. हात आपोआप खिशात जातो. तुम्हाला पटणार नाही, म्हणून दाखवते."

तिनं खिशात हात घातला आणि एकेक वस्तू पुढच्या टेबलावर ठेवायला सुरुवात केली. टोपण नसलेलं पेन. बाटलीचं झाकण. अर्धं बिस्कीट. मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. मग एक जाड, चपटी पेन्सिल आली.

"माझी पेन्सिल!" काका मराठीतच ओरडले. "बघा! कानाला उगाच शिव्या दिल्या!"

आता सगळे हसले. तिनं चुरगळलेला मास्क काढला, तो टेबलावर ठेवताना खळ्ळकन वाजला. तिनं तो उलगडला. आत किल्ली होती. तिलाही हे माहीत नव्हतं.

सिस्टर भाषांतर विसरली. "देवा रे, माझं कपाट!" ती किंचाळली आणि सगळं चर्च खदखदून हसलं. पहिल्या बाकावरची बाईसुद्धा तोंडावर हात ठेवून हसत होती.

मग भिंगरीनं गोळ्यांची पट्टी काढली आणि बिस्किटाशेजारी ठेवली.

बाईचं हसणं सगळ्यात आधी थांबलं. तिनं टेबलाकडे पाहिलं, झाकणाकडे, पेन्सिलीकडे, पट्टीकडे. भिंगरीनं तिचं नाव घेतलं नाही, तिच्याकडे पाहिलंही नाही. "या गोळ्या कुणाच्या तरी आहेत," ती म्हणाली. "मी त्या चोरल्या. देवानं घेतल्या नाहीत. मी घेतल्या. माझ्या हाताला गुण नाही, माझ्या हाताला खोड आहे." सिस्टरचा आवाज हळू झाला होता. "आणि ज्या माणसाकडे या गोळ्या आहेत आणि जो त्या रोज घेतो, त्याला घाबरू नका. त्याच्या हातचं कापड घाला. गोळ्या सोडलेल्या माणसाची भीती धरा. मी लॅबमध्ये रोज हेच बघते. एवढीच माझी साक्ष."

बाई उठली. म्हातारीचा हात धरला आणि मधल्या वाटेनं सरळ बाहेर गेली. साहेबांनी फोन काठीवरून काढला.

दुपारी आईचा फोन आला. "झाली का गं साक्ष? व्हिडिओ कधी पाठवतायत?"

"आई, ते खरं नव्हतं." तिनं सगळं सांगितलं.

आई म्हणाली, "कपडे धुवायला टाकताना खिसे बघत जा, बघत जा. जन्मभर सांगितलं." मग तिनं विचारलं, "आणि ती बाई? घेणार का गोळ्या?"

"माहीत नाही."

"मग तिचं बघ आधी. इथलं मी बघते. मंडळीला काय सांगायचं ते सांगते मी."

सोमवारी सकाळी ती लॅबमध्ये बसू शकली नाही. व्हरांड्यात खिडकीपर्यंत जायची, परत यायची. सिस्टर कपाट उघडून फाटक्या चादरी मोजत बसली होती. "बस ना कुठेतरी," ती म्हणाली. "तुझ्याकडे बघून मला दम लागतो."

खिडकीपाशी रांग लागली, सरकली, संपली. सिस्टरनं खिडकीची एक फळी ओढली तेव्हा बाई आली. कालचाच झगा, गळपट्टीत दोऱ्यासकट सुई खोचलेली. ती भिंगरीकडे बघत नव्हती. खिडकीत हात पसरला, गोळ्या घेतल्या, तिथंच पाण्यासोबत गिळल्या आणि तोंड उघडून सिस्टरला दाखवलं. सिस्टरनं चादरींचा गठ्ठा खिडकीवर ठेवला आणि काहीतरी म्हटलं. बाईनं वरची चादर उलगडून भोक पाहिलं, भावावर घासाघीस करावी तसं तोंड केलं आणि गठ्ठा काखेत मारला. सगळ्यांच्या देखत.

मग ती लॅबच्या दारात आली. भिंगरीच्या ॲप्रनकडे बोट केलं, काढ अशी खूण केली. भिंगरीनं तो काढून दिला. बाई व्हरांड्याच्या बाकावर बसली. खिसा उलटा करून झटकला, बिस्किटाचा चुरा पडला. खिसा सुलटा केला आणि त्याचं तोंड बारीक, घट्ट टाक्यांनी शिवून टाकलं. आधी उजवा, मग डावा. दोरा दातांनी तोडला. ॲप्रन परत देताना ती दोन वाक्यं बोलली.

"काय म्हणते?" भिंगरीनं विचारलं.

सिस्टरला हसू आवरत नव्हतं. "म्हणते, काल तुझ्यावर फार राग आला होता, आजही आहे. आणि म्हणते, आता पुन्हा प्रार्थना कर. पण हात दिसू देत."

भिंगरीनं तिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले. डोळे मिटले. व्हरांड्याच्या त्या टोकाला काका खिळा ठोकत होते, बाईच्या केसांना मशीनच्या तेलाचा वास येत होता. तिचा उजवा पाय हलत होता. बाईच्या ते लक्षात आलं असावं, कारण तिनं आपलं पाऊल हळूच त्यावर ठेवलं, मशीनच्या पायट्यावर ठेवावं तसं. पाय खाली हलत राहिला. दोघींनी तो हलू दिला.